वेगाचा आकडा आणि वाहनावरील ताबा

मोटार हाकणाऱ्याने वेग किती ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर रस्त्याच्या कडेला तांबड्या कडेच्या गोल फलकावर ठळक आकड्यांनी लिहिलेले असते, आणि त्या आकड्याच्या आत राहिले म्हणजे कायद्याचे आपल्याकडून जे काही देणे लागत होते ते फिटले, असा समज चालकांत, मोटारमालकांत आणि पुष्कळशा सुशिक्षित नागरिकांतही दृढमूल होऊन बसला आहे. परंतु आपल्या कायद्याचा एकंदर इतिहास, त्यातील कलमांची रचना आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील न्यायनिवाडे यांचा धांडोळा घेतला, तर हा समज पायातच चुकलेला आहे असे दिसून येते. आकडा हा कायद्याने मागाहून घातलेला कमाल मर्यादेचा बांध आहे. त्याच्या पूर्वीपासून चालत आलेले आणि त्याहून व्यापक असे चालकाचे कर्तव्य निराळेच आहे, आणि ते असे की, वाहन सर्वकाळ आपल्या ताब्यात राहील व समोर धोका दिसताच ते आवरता येईल, इतक्याच वेगाने ते चालवावे. हे कर्तव्य कोठून आले, त्याची व्याप्ती किती, न्यायालयांनी त्याचा अर्थ कसा लावला आणि प्रत्यक्षात त्याची अंमलबजावणी कोठे अडते, याचा आढावा घेण्याचा येथे उद्देश आहे.

मोटार या देशात अवतरण्याच्या कितीतरी आधी, १८६० साली, भारतीय दंडसंहिता तयार झाली. तिच्या २७९ व्या कलमात सार्वजनिक रस्त्यावर वाहन हाकणाऱ्याचा आणि त्याच्या जोडीला घोड्यावर स्वार होणाऱ्याचाही उल्लेख आहे, यावरून ते कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बग्गी, टांगा आणि घोडेस्वार होते हे उघड आहे. मैलाचा किंवा तासाचा कोणताही हिशेब त्या कलमात नाही. मनुष्याच्या जीविताला धोका पोहोचेल किंवा कोणाला दुखापत होण्याचा संभव निर्माण होईल इतक्या अविचाराने वा हयगयीने वाहन हाकणे, एवढाच त्यातील अपराध. प्रत्यक्ष इजा झालीच पाहिजे अशी त्यात अटही नाही. पुढे १८७० साली ३०४-अ हे कलम घालण्यात आले आणि हयगयीने घडलेल्या मृत्यूस दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा ठरली. ही दोन्ही कलमे मोटारीच्या युगात जशीच्या तशी उतरली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचा अंमल सुरू झाल्यावर पहिले कलम २८१ या क्रमांकाने कायम राहिले, तर दुसरे कलम १०६ मध्ये जाऊन त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली.

मोटारींसाठी स्वतंत्र कायदा झाला तो प्रथम १९१४ साली, नंतर अधिक विस्ताराने १९३९ साली, आणि हल्ली प्रचारात असलेला १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. या मधल्या काळात रस्त्यांच्या प्रश्नाचा साकल्याने विचार झाला, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी १९२७ साली नेमलेल्या रस्ते-विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्याकडे जाते; त्या समितीच्या शिफारशींतूनच १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उदयास आली, आणि रस्त्याची वळणे, चढउतार व फलक यांविषयीची मानके ती आजतागायत ठरवीत आली आहे. १९३९ च्या कायद्याच्या दहाव्या अनुसूचीत वाहन हाकण्याचे जे नियम दिले होते, त्यांत चौक, फाटा किंवा रस्त्याचे वळण जवळ येताच वेग कमी करावा, आणि तेथील माणसांच्या सुरक्षिततेला बाध न आणता पुढे जाता येईल अशी जाणीव होईपर्यंत त्यात शिरू नये, अशी स्पष्ट आज्ञा होती. चौक मोकळा आहे असे गृहीत धरण्याची मुभा चालकास नाही. तो मोकळा असल्याची खातरजमा करण्याचा भार त्याच्यावर आहे. १९८९ साली केंद्र सरकारने रस्त्याचे जे विनियम केले त्यांत हेच तत्त्व पुढे चालले, आणि २०१७ सालच्या नव्या विनियमांनी त्यांची जागा घेतली तरी तत्त्वात फरक पडलेला नाही.

या तत्त्वाची सर्वांत बंदिस्त मांडणी पाहावयाची असेल तर १९८८ च्या कायद्यातील १८४ वे कलम वाचावे. लोकांस धोकादायक होईल अशा वेगाने किंवा अशा रीतीने वाहन चालविणे हा तेथे अपराध ठरविला आहे, आणि धोका होता की नव्हता हे ठरविताना प्रकरणाची सर्व परिस्थिती, त्या जागेचे स्वरूप, तिची अवस्था व तिचा उपयोग, तसेच त्या वेळी तेथे प्रत्यक्ष असलेली रहदारी, आणि तेथे असण्याची वाजवी अपेक्षा करता येईल अशी रहदारी, या सर्वांचा विचार करावा असे म्हटले आहे. यातील शेवटचा शब्दसमूह फार अर्थपूर्ण आहे. शाळा सुटण्याच्या सुमारास शाळेसमोरचा रस्ता क्षणभर रिकामा दिसला म्हणून चालकाची सुटका होत नाही, कारण मुले येण्याची वाजवी अपेक्षा तेथे आहेच. आठवड्याच्या बाजारच्या दिवशी गावकुसाजवळून जाताना, किंवा एस. टी. नुकतीच थांब्यावर उभी राहिली असताना तिच्या पुढून कोणीतरी रस्ता ओलांडील हे गृहीत धरूनच पाय ब्रेककडे गेला पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाला जोड दिली ती अशी की, सक्षम व दक्ष चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्यापेक्षा फार खाली उतरणारे चालविणे, आणि ज्यातील धोका अशा चालकाला उघड दिसला असता असे चालविणे, हेही त्यात मोडावे. अतिवेगाचा अपराध कलम १८३ मध्ये वेगळा सांगितला आहे. अर्थात मर्यादेच्या आत राहूनही १८४ चा भंग होऊ शकतो, हे या दोन कलमांच्या शेजारानेच सिद्ध होते.

सामान्य कर्तव्य सांगून कायदा थांबलेला नाही; काही प्रसंगी त्याने वेगाचा व वर्तनाचा तपशीलही घालून दिला आहे. १९८९ च्या विनियमांत मिरवणूक, कूच करीत चाललेली सैन्याची वा पोलिसांची तुकडी, आणि रस्तादुरुस्तीवरचे मजूर यांच्या जवळून जाताना ताशी २५ किलोमीटरहून अधिक वेग नसावा असे सांगितले होते, आणि अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीस वाट द्यावी असेही. आषाढी-कार्तिकीला ज्या मुलखातल्या रस्त्यांवरून दिंड्या चालतात तेथे पहिल्या नियमाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको; ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगोला तालुक्यात कार्तिकी वारीला निघालेल्या दिंडीत मोटार घुसून सात वारकरी मृत्युमुखी पडले, ती घटना पुष्कळांच्या स्मरणात असेल. याहून बारीक तपशील १९८८ च्या कायद्याच्या कलम १३१ मध्ये आहे. फाटकवाला नसलेल्या रेल्वे-ओलांडणीपाशी चालकाने गाडी उभी करावयाची. वाहकाने, किन्नराने किंवा गाडीतील अन्य इसमाने खाली उतरून रुळांपर्यंत चालत जावयाचे. दोन्ही बाजूंनी आगगाडी किंवा ट्रॉली येत नाही अशी खात्री करून घ्यावयाची. आणि मग पुढे राहून गाडी पार न्यावयाची. बरोबर कोणीच नसेल तर चालकाने स्वतः उतरून पाहावयाचे. ब्रॉडगेज मार्गांवरील अशा ओलांडण्या २०१९ च्या आरंभापर्यंत रेल्वेने बंद केल्या किंवा तेथे फाटकवाले नेमले, त्यामुळे या कलमाचा प्रत्यक्ष प्रसंग आता क्वचित येतो; तथापि ‘सावधगिरी’ या अमूर्त शब्दाचा कायद्याला अभिप्रेत असलेला मूर्त अर्थ कोणता, हे दाखविणारे याच्याइतके बोलके कलम दुसरे नाही. जेथे दिसत नाही तेथे थांबावे आणि दिसेल अशी व्यवस्था करून मगच पुढे जावे, हा तो अर्थ होय.

या अर्थामागे साधे गणित आहे, आणि ते अभियंत्यांनी केव्हाच मांडून ठेवले आहे. धोका दृष्टीस पडल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत किती रस्ता लागतो, याचे इंडियन रोड्स काँग्रेसने मानक दिले असून त्यात चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा काळ अडीच सेकंद धरला आहे. त्या मानकानुसार ताशी ५० किलोमीटर वेगाला ६० मीटर, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर अंतर लागते. म्हणजे वेग दुप्पट झाला की लागणारे अंतर तिपटीवर जाते. हे अंतर चांगल्या रस्त्यासाठी धरलेले. पहिल्या पावसाने तेलकट झालेल्या डांबरावर किंवा झिजलेल्या टायरांवर ते आणखी वाढते. रात्री समोरून गाडी आली म्हणून डिपर मारला की दिव्याचा झोत या मानाने फारच जवळ संपतो. गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या आणि मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसलेल्या ट्रॉल्या रात्री चालत असतात, आणि ताशी ८० च्या वेगाने येणाऱ्या चालकाला ट्रॉलीचा मागचा भाग दिसू लागतो तेव्हा तिच्या आधी थांबण्याइतका रस्ता त्याच्यापाशी उरलेलाच नसतो. ट्रॉलीवाल्याचा दोष निर्विवाद आहे. पण दिव्याच्या टप्प्यापलीकडे थांबणारा वेग पत्करणाऱ्याचा दोष त्यामुळे नाहीसा होत नाही. दोन्ही दोषांची वाटणी कशी करावी, हा न्यायालयांपुढचा प्रश्न.

न्यायालयांकडे वळले की फौजदारी आणि दिवाणी असे दोन निराळे प्रवाह दिसतात. फौजदारी न्यायालये या बाबतीत सुरुवातीपासून काटेकोर राहिली. १९०२ साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी असे ठरविले की, ३०४-अ खाली दोषी धरावयाचे तर मृत्यू हा आरोपीच्या हयगयीचा थेट परिणाम असला पाहिजे आणि मध्ये दुसऱ्या कोणाच्या हयगयीचा अडसर येता कामा नये. हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने पुढे अनेकदा उचलून धरला. १९७२ साली महाराष्ट्रातीलच एका बसचालकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पादचारी एकाएकी आडवा आला तर बस कितीही सावकाश चालली असली तरी चालकाला अपघात टाळता येईलच असे नाही, आणि म्हणून त्याला हयगयीचा दोष लावता येत नाही. त्याच वर्षीच्या आंध्र प्रदेशातील दुसऱ्या खटल्यात रेल्वेचे फाटक उघडे असताना रुळांवर गेलेल्या बसला मालगाडीने ठोकरले होते. फाटक उघडे आहे याचा अर्थ मार्ग निर्वेध आहे असा घेण्याचा चालकाला अधिकार होता, असे म्हणून त्याची मुक्तता झाली. हा निकाल आणि कलम १३१ शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कर्तव्याची सीमा स्वच्छ दिसते: जेथे राखणदार नाही तेथे चालकाने उतरून पाहावे, आणि जेथे राज्याने राखणदार नेमला आहे तेथे त्याच्या संकेतावर विसंबण्यास हरकत नाही.

१९९८ सालच्या, कर्नाटकातून आलेल्या खटल्याचा परिणाम याहून दूरवर झाला. नाला ओलांडताना ट्रक उलटून माणसे दगावली होती आणि साक्षीदारांनी ट्रक ‘अतिवेगात’ होता असे सांगितले होते. पण अतिवेग म्हणजे किती, हे कोणीच सांगितले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की नुसता वेग अधिक असणे म्हणजे हयगय नव्हे. वेग हा सापेक्ष असून, त्या प्रसंगी तो का धोकादायक होता हे अभियोगपक्षाने शाबीत केले पाहिजे. आता महाराष्ट्रातील कोणत्याही ठाण्यातील अपघाताची फिर्याद काढून पाहावी. ‘यातील आरोपी याने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने व रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून’ अशी तीत ठराविक वाक्यरचना असते. कायद्याला जे जे हवे ते सर्व या एका वाक्यात आले आहे. नसते ती मात्र परिस्थिती कोणती आणि दुर्लक्ष कशाकडे, याची हकीकत. वळण किती अंतरावरून दिसत होते, फलक होता काय, टायर घासल्याच्या खुणा किती मीटर होत्या आणि त्या कोठून सुरू झाल्या, दिवे लागलेले होते काय, रस्ता ओला होता काय, हे घटनास्थळाच्या पंचनाम्यात न आल्यामुळे खटला त्या ठराविक वाक्याच्या आधारावर उभा राहतो, आणि साक्षीदारांच्या जाबजबाबात तोच डळमळतो.

दिवाणी प्रवाहात न्यायालयांची दृष्टी अधिक उदार आहे. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार-अपघात दावा न्यायाधिकरणांचा मार्ग खुला झाला, आणि तेथे प्रश्न शिक्षेचा नसून भरपाईचा असल्यामुळे पुराव्याचे मापही निराळे ठेवण्यात आले. १९६० सालच्या डिसेंबरात नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार रस्त्याची डावी बाजू सोडून थेट उजव्या कडेच्या झाडावर आदळली. आघात असा होता की झाड जमिनीपासून थोड्याच उंचीवर उखडले गेले आणि गाडीचे इंजिन आपल्या जागेवरून सुमारे फूटभर मागे सरकले. गाडी हाकणारा व आत बसलेले वाचले नाहीत आणि नेमके काय घडले हे सांगणारा कोणी उरला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली निर्णय दिला की, येथे वस्तुस्थितीच बोलते आहे. नीट ताब्यात असलेली मोटार आपण होऊन रस्ता सोडून झाडावर जात नाही, आणि ती का गेली याचा खुलासा करण्याचा भार मालकपक्षावर आहे. त्याच वर्षीच्या मुंबईकडील दुसऱ्या प्रकरणात यांत्रिक बिघाडाचा बचाव करणाऱ्याने तो बिघाड योग्य देखभाल करूनही कळून येण्याजोगा नव्हता हे स्वतः शाबीत केले पाहिजे, असे ठरले. ‘ब्रेक निकामी झाले’ एवढे म्हणून सुटका होत नाही. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे आलेल्या प्रकरणात रात्रीच्या वेळी लोंबकळणाऱ्या उच्च दाबाच्या विजेच्या तारेला बस लागून आठ माणसे जागच्या जागी गेली होती. फौजदारी खटल्यात चालक सुटला तरी दाव्यात त्याची हयगय धरता येते, असा निवाडा झाला.

सर्वोच्च न्यायालयाच्या अलीकडच्या निकालांत दोन वाहनांमधील अंतर आणि थांबण्याची रीत यांवर विशेष भर दिसतो. २०१८ साली, पुढच्या ट्रकमागे अवघ्या दहा-पंधरा फुटांवरून येणाऱ्या मोटारीला सुरक्षित अंतर न राखल्याचा दोष लावण्यात आला. २०२४ साली महामार्गावर इशाऱ्याच्या दिव्यांवाचून उभ्या करून ठेवलेल्या मालवाहू वाहनावर रात्री मोटार आदळली, तेव्हा मोटारचालकाचा अंशतः दोष धरणारा उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून सर्व जबाबदारी त्या वाहनाच्या चालक-मालकांवर टाकण्यात आली. २०२५ साली, महामार्गावर कोणतीही सूचना न देता मोटार एकदम थांबविल्यामुळे मागून येणारा दुचाकीस्वार पडून बसखाली सापडला, तेव्हा मोटारचालकाकडे ५० टक्के, बसकडे ३० टक्के आणि अंतर न राखल्याबद्दल दुचाकीस्वाराकडे २० टक्के अशी दोषाची विभागणी झाली. थांबणाऱ्याने मागच्याला इशारा द्यावा आणि मागच्याने पुढचा थांबेल हे गृहीत धरावे, असे हे दुहेरी कर्तव्य आहे.

ताबा म्हणजे नुसते ब्रेकवरील पाय नव्हे, हे पुण्याच्या नवले पुलापाशी वारंवार होणारे अपघात शिकवितात. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून तेथवर लांब उतार आहे. डिझेल वाचावे म्हणून काही अवजड वाहनांचे चालक उतारावर गाडी न्यूट्रलवर टाकतात. गिअरमध्ये असलेली गाडी इंजिनच्या रोधाने आपोआप आवरली जाते. न्यूट्रलमध्ये तो आधार तुटून सगळा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापून त्यांची पकड जाते आणि पायथ्याशी पोहोचेपर्यंत चालकाच्या हाती केवळ स्टिअरिंग उरते. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने तेथे अनेक वाहनांना धडक दिली. ज्या घाटात जुने चालक चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरत असत, तेथला हा अनुभवसिद्ध दंडक लिटरभर डिझेलच्या लोभापायी सोडला जातो, आणि ब्रेक निकामी होणे हा दैवयोग असल्याची मखलाशी मागाहून केली जाते. उताराच्या माथ्यावर घेतलेला तो निर्णयच येथे खरी हयगय होय.

चालकाच्या कर्तव्याची चर्चा करताना राज्याच्या कर्तव्याकडे दुर्लक्ष करणे न्याय्य होणार नाही. ज्याला धोका ओळखून वेग कमी करावयाचा आहे, त्याला तो धोका दिसेल अशी व्यवस्था करणे रस्ता बांधणाऱ्याचे काम आहे. पांढरे पट्टे न मारलेले गतिरोधक, फलक नसलेले वळणरस्ते आणि पावसाळ्यात पाण्याखाली दडलेले खड्डे ही संकटे चालकाच्या दक्षतेलाही चकवितात. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या १९८-अ कलमाखाली रचना व देखभालीची मानके न पाळणाऱ्या ठेकेदारास वा प्राधिकरणास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यावी असा हुकूम दिला. खड्डा न दिसल्यामुळे पडणाऱ्यावर रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष केल्याचा ठपका ठेवून फाईल बंद करण्याची सोपी वाट यामुळे काही अंशी तरी बंद व्हावी.

आता अंमलबजावणीचा प्रश्न. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले, त्यांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि या मृत्यूंपैकी ७१.२ टक्के अतिवेगाच्या सदरात नोंदविले गेले. हे सदर वाचून मर्यादा ओलांडणारे आवरले की प्रश्न सुटला असे वाटणे साहजिक आहे, आणि म्हणूनच वेग मोजणारे कॅमेरे व ई-चलन यांवर सरकारची सर्व भिस्त आहे. पण कॅमेऱ्याला फक्त आकडा कळतो. धुक्यात, पावसात, वळणावर किंवा दिंडीच्या मागे ताशी ६० चा वेग हा फलकावरील मर्यादेच्या आत असूनही परिस्थितीच्या मानाने अतिवेग ठरतो, हे त्याला कळणार नाही. कायद्याने सांगितलेल्या मोठ्या कर्तव्याची झडती त्यामुळे अपघातानंतरच होते. २७९ व्या कलमाच्या कर्त्यांनी इजा होण्याची वाट न पाहता धोक्यालाच अपराध मानले होते. दीडशेहून अधिक वर्षांनंतर आपण तेच कलम बहुधा इजा झाल्यावर फिर्यादीत जोडण्यापुरते वापरतो.

यावर उपाय नवे कलम घालण्यात नाही. कलमे पुरेशी आहेत, आणि शिक्षा वाढविल्याने पुरावा सुधारत नाही. अनुज्ञप्तीची परीक्षा आठाचा आकडा काढून दाखविण्यावर न थांबता आंधळे वळण, सुटलेली शाळा आणि ओला उतार यांपाशी उमेदवार पाय कोठे नेतो हे पाहणारी झाली पाहिजे. मालवाहतुकीच्या मालकांनी डिझेलच्या बचतीवर चालकाला बक्षीस देण्याआधी ती बचत कोणत्या घाटात झाली हे विचारले पाहिजे. आणि पंचनामा लिहिणाऱ्या अंमलदाराने ‘भरधाव’ या शब्दाऐवजी चालकाला धोका किती मीटरवरून दिसत होता आणि गाडी किती मीटरांत थांबली असती, हे दोन आकडे टेप लावून लिहिले पाहिजेत. फलकावरच्या आकड्यापेक्षा हे दोन आकडे न्यायाला अधिक उपयोगाचे आहेत, कारण चालक दोषी की निर्दोष याचे उत्तर त्यांच्या वजाबाकीतून निघते. आणि हीच वजाबाकी गाडी चालती असताना स्वतःच्या मनाशी करीत राहणे, यालाच कायदा वाहन ताब्यात ठेवणे म्हणतो.